मोठा पंखा हलवू नका

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "काय वहिनी, नवा कॉम्प्युटर काय म्हणतोय?" आणि मी म्हटलं, "छान." फोन स्पीकरवर होता आणि तुमचे दादा शेजारी कान टवकारून बसले होते. अशा वेळी माणूस छानच म्हणतो. म्हणून जुन्या लॅपटॉपवर हे पत्र लिहायला बसले. तुम्ही हॉस्टेलवर होतात तेव्हा आपण अशीच पत्रं लिहायचो. तेव्हा अडचणी तुमच्या असायच्या. आता पाळी माझी.

कॉम्प्युटर मंद आहे.

सुटे भाग आणून ह्यांनी तो स्वतः जोडला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, स्क्रू बशीत काढून ठेवले आणि दिवसभर तोंडानं शीळ. कंपनीनं मुदतीआधी घरी बसवल्यापासून मी त्यांची शीळ ऐकली नव्हती. मदतीला गेले तर म्हणाले, "अख्खा प्लांट चालवलाय मी. हे तर खेळणं आहे." संध्याकाळी बटण दाबलं, आत दिवे लागले, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच लाजले. या वयात.

आता मी कोणत्या तोंडानं सांगू की तो चालत नाही? म्हणजे चालतो. सुरुवातीला घोडा असतो आणि पाणी पिऊन येईपर्यंत त्याचा थकलेला बैल होतो.

माझं काम तुम्हाला सांगितलं होतं. फर्निचरच्या कारखान्याच्या मालकीणबाईंना स्वयंपाकघरांची चित्रं हवी आहेत. लाकूड कापण्याआधी गिऱ्हाइकाला आपलं स्वयंपाकघर फोटोसारखं दिसलं पाहिजे, ओट्यावरच्या उजेडासकट. मी रेखाटन करते, मग कॉम्प्युटर त्याचा फोटोसारखा दिसणारा नमुना तयार करतो. पाच चित्रं फेब्रुवारीअखेर द्यायची आहेत, परीक्षा म्हणून. पसंत पडली तर कायमचं काम. लेक झाल्यावर मी ड्रॉइंगचा बोर्ड माळ्यावर टाकला होता, भाऊजी. आता ती आपल्या पायावर उभी आहे. मलाही एकदा उभं राहून बघायचंय.

चित्र एकदा उमटायला दिवस सरतो, उजेड जरा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. असा एका चित्राला आठवडा जातो. घोडं कुठे पेंड खातंय तेवढं सांगा. आणि दादांना कळू देऊ नका. त्यांना वाटेल मी त्यांच्या कामात खोट काढतेय.

तुमची वहिनी

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुम्ही अडचणीत आणि मी शहाणा, असं पहिल्यांदाच घडतंय. मला जरा मिरवू द्या.

एक कपाट चार जण जिन्यावरून वर नेतायत असं समजा. तिघं तगडे आणि एकाचा गुडघा दुखतोय. कपाट कोणाच्या चालीनं वर जाईल? गुडघेवाल्याच्या. कॉम्प्युटरमध्येही असे चौघं आहेत. प्रोसेसर हिशेब करतो, मेमरी हाताशी लागेल ते धरून ठेवते, डिस्क साठवते, ग्राफिक्स कार्ड पडद्यावर दाखवतं. यातला कोण लंगडतोय ते शोधायचं. बाकीचे तिघे कितीही चांगले असले तरी त्याच्यासाठी थांबूनच राहतात.

चित्र चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. चौघांचे आलेख दिसतील. कोण पूर्ण भरलाय आणि कोण रिकामा बसलाय ते लिहून पाठवा. सोबत एक छोटा प्रोग्रॅम पाठवतोय, तो प्रोसेसरचं तापमान आणि वेग दाखवतो. तेही बघा. डॉक्टरला सांगतो तसं सगळं सांगा, काही लपवू नका.

अडलेला भाग सापडला की अर्धं काम झालं. तुमची परीक्षा बुडू देणार नाही. माझ्या गणिताच्या परीक्षेच्या वेळी तुम्ही बुडू दिली नव्हतीत.

तुमचा,
शहाणा दीर

८ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

सगळं पाहिलं. खरं सांगू, मजा आली. एखाद्या घरात शिरून कोण काम करतंय आणि कोण लोळतंय ते बघावं तसं.

मेमरी अर्धी रिकामी. डिस्क जवळजवळ झोपलेली. ग्राफिक्स कार्डाला काही कामच नाही. प्रोसेसर एकटा काठोकाठ भरलेला. पण गंमत अशी की तो जितका भरलेला दिसतो तितका पळत नाही. वेगाचा आकडा सुरुवातीला चारच्या वर होता. बघता बघता तीन, दोन, आणि मग एकच्याही खाली. तिथेच बसून राहिला.

तापमान शंभर. मला वाटलं माझं काही चुकलं, म्हणून चष्मा पुसून पाहिलं. शंभरच.

कॅबिनेटची वरची बाजूही तापते. शेजाऱ्यांची मांजर हल्ली खिडकीतून येते आणि त्यावर अंग टाकून झोपते. हे म्हणतात, "बघ, तिलासुद्धा कळलं चांगली जागा कोणती."

म्हणजे लंगडणारा प्रोसेसर, बरोबर? पण तो तर सगळ्यांत तगडा घेतलाय ना ह्यांनी? दोन आठवडे दुकानांत चौकशा करत होते. लवकर लिहा. अजून एकच चित्र झालंय.

वहिनी

१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

उशिराबद्दल माफ करा. इथे कामाचा रेटा होता.

तुम्ही पाठवलेलं सगळं नीट वाचलं. बऱ्याच गोष्टी असू शकतात. पहिली शंका मेमरीची. तिच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी लागल्या असतील तर एकीआड एक लावून बघा. प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच. आधी वीज बंद करा, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून लोखंडाला हात लावा, मग पट्टी काढा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबल्या की सुटते. त्यानं फरक पडला नाही तर डिस्कची जागा बदलून पाहा. पडद्याची वायर मागे नेमकी कुठे लावली आहे तेही बघा.

प्रोसेसर नवीन आहे. नव्या वस्तूला रुळायला थोडा वेळ लागतोच.

बाकी काहीही उघडा, पण मधला मोठा पंखा मात्र हलवू नका. तो प्रोसेसरवर दाबून बसवलेला असतो, खाली लेप असतो. तो एकदा सुटला की पुन्हा नीट बसत नाही. उगाच नवं दुखणं व्हायचं.

दादा कसा आहे? त्याला सांभाळून घ्या. सध्या जरा हळवा झालाय.

तुमचा

२३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पट्ट्या मी स्वतः बदलल्या. हे अंघोळीला गेले तेव्हा. चोरासारखी. आतून पाणी ओतल्याचा आवाज येतोय आणि मी खिट्ट्या दाबतेय. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत गेल्या, कट्ट असा आवाज आला आणि इतकं बरं वाटलं. फरक मात्र शून्य. मग डिस्क, मग वायर. पडद्याची वायर बरोबरच होती. तुमच्या तिघा तगड्यांची झडती घेऊन झाली, भाऊजी. कोणाचाच गुडघा दुखत नाही.

दादांची काळजी करू नका. ते इतके चांगले वागतायत की मलाच अपराधी वाटतं. रोज म्हणतात, "किती वेळ बसशील त्याच्यापुढे? जरा बाहेर जाऊन ये." परवा तर म्हणाले, "दोन दिवस ताईकडे राहून ये. मी माझं करून खाईन." आयुष्यात त्यांनी कधी मला माहेरच्या कोणाकडे स्वतःहून पाठवलं नव्हतं. मी म्हटलं, "चित्रं पुरी होऊ देत, मग जाईन." जागेवरून उठले तर मधेच बंद पडेल अशी भीती वाटते, म्हणून मी त्याच्यासमोरून हलत नाही. त्यांचा चेहरा पडला. इतकी काळजी करतात.

काल खालच्या मजल्यावरचे दोघं चहाला आले होते. त्यांनी कॉम्प्युटरची विचारपूस केली. हे म्हणाले, "मशीन झकास आहे. पण हिचा हात वीस वर्षं बंद होता ना. गाडी कितीही चांगली असली तरी चालवणारा हवा." सगळे हसले. मीही हसले. भांडी आवरताना मात्र तेच डोक्यात फिरत राहिलं. खरं असेल का? मी काहीतरी चुकीचं सांगते, म्हणून ते बिचारं यंत्र गोंधळतंय का?

दोन चित्रं झाली. तिसरं चालू आहे.

वहिनी

२५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

घाईत लिहितोय. दादा म्हणतो ते अगदीच चूक नसेल. हल्लीची सॉफ्टवेअर अवघड असतात, एक चुकीची खूण केली तरी काम दहापट वाढतं. सरावानं जमेल. मनाला लावून घेऊ नका.

मालकीणबाईंकडून थोडी मुदत वाढवून मिळते का बघा. आणि खरंच, दोन दिवस ताईंकडे जाऊन या. डोकं शांत होईल.

तुमचा

१२ मार्च

प्रिय भाऊजी,

मुदत मागितली होती. त्यांनी दिलीही, दहा-बारा दिवस. त्यात तिसरं चित्र पुरं झालं आणि चौथं अर्ध्यात थांबलं. काल तिन्ही घेऊन कारखान्यात गेले.

बाई भल्या आहेत. भुशानं भरलेल्या ऑफिसात त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. चित्रं भिंतीला टेकवून लांबून पाहिली. म्हणाल्या, "उजेड सुंदर पडलाय. ही कोपऱ्यातली सावली आमच्या कोणालाच जमली नसती." मग चष्मा काढला. "पण हात जड आहे हो तुमचा. मला आठवड्याला पाच लागतात."

काम दुसऱ्या कोणालातरी मिळालं. त्यांनी नाव सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "जाऊ दे. आता काय अडलंय आपलं तुझ्या कामावाचून?" आणि चक्क चहा करून आणला. कपाखाली बशीसुद्धा ठेवली होती.

भाऊजी, तुम्ही फार धीरानं मदत केलीत. तुम्ही म्हणालात तसं कोण लंगडतोय ते शोधलं. चौघांतला कोणीच नव्हता. पाचवी मी होते, खुर्चीवर. तुमचे दादा म्हणाले, तुम्हीही म्हणालात, बाईही म्हणाल्या. तीन वेगळी माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती मान्य करावी.

तुम्ही हॉस्टेलमधून लिहायचात, "वहिनी, मी मठ्ठ आहे, मला गणित येत नाही." मी दर वेळी लिहायची, "मठ्ठ कोणी नसतं, कोणीतरी नीट सांगितलेलं नसतं." आज आठवलं आणि हसू आलं.

आता कशाची घाई नाही. सावकाश उत्तर दिलंत तरी चालेल.

वहिनी

३० मार्च

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. म्हणून रिकाम्या वेळात तुमची जुनी पत्रं पुन्हा वाचली.

सहा तारखेला तुम्ही लिहिलंत, तापमान कळवा. मी कळवलं, शंभर. त्यानंतर तुमचे अकरा दिवस गेले, आणि आलेल्या पत्रात त्या शंभराचा उल्लेखच नव्हता. पुढच्यातही नाही. डॉक्टरनं ताप मोजायला सांगावा आणि आकडा ऐकून पायाच्या नखाबद्दल बोलावं, तसं ते पत्र होतं. मी तेव्हा आशेवर वाचत होते. आशेवर वाचलं की काय लिहिलंय तेवढंच दिसतं, काय गाळलंय ते दिसत नाही.

आणि एक वाक्य होतं. बाकी काहीही उघडा, मोठा पंखा मात्र हलवू नका.

काल हे दिवसभरासाठी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला गेले. मी डोकेदुखीचं सांगून घरी राहिले. टेबलावर तीच जुनी चादर अंथरली. स्क्रू बशीत ठेवले. पंख्याचे चार कोपरे थोडे थोडे, आळीपाळीनं सैल केले आणि उचलला.

खाली प्लॅस्टिकचा पापुद्रा होता. नव्या वस्तूच्या तळाला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला असतो तसा. त्यावर लाल अक्षरांत छापलंय, बसवण्यापूर्वी काढून टाका. प्रोसेसरचा चौकोन त्यावर स्पष्ट उमटलाय. म्हणजे पंख्याच्या धातूला टेकून गार व्हायचं, तर तो बिचारा तिथे प्लॅस्टिकखाली तापत होता, आणि जळून जाऊ नये म्हणून स्वतःच हळू चालत होता. तो मंद नव्हता, भाऊजी. जीव वाचवत होता.

मी पापुद्रा काढला, दुकानातून छोटी ट्यूब आणून नवा लेप लावला, पंखा पुन्हा बसवला. छान बसला. तुम्ही म्हणाला होतात बसत नाही म्हणून. चौथं चित्र लावलं. भाजी चिरून होईपर्यंत ते तयार होतं. मी विळी तशीच सोडून पडद्यासमोर उभी राहिले. ओट्यावर हवा होता तसा उजेड पडला होता.

चूक कोणाचीही होते. ह्यांची झाली याचं मला काही नाही. मला एवढंच विचारायचंय: तुम्हाला कधी कळलं?

वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

तुमचं आठ तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी. शंभर वाचलं आणि दुसरं काही असूच शकत नव्हतं.

मी दादाला फोन केला. म्हटलं, पंख्याखालचं प्लॅस्टिक काढलं होतंस ना? तो म्हणाला, थांब. रिकामी खोकी उघडल्याचा आवाज आला. काढलेलं प्लॅस्टिक त्यांत नव्हतं. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. म्हणाला, "तिला सांगू नकोस. कंपनीनं काढलं तेव्हा सगळ्यांनी माझं सामान खाली नेताना बघितलं. आता घरात तरी नको. ती बाहेर गेली की मी गुपचूप काढतो." वर्षभरात तो माझ्याशी इतकं मोकळं कधी बोलला नव्हता. मी शब्द दिला.

मला वाटलं, दोन दिवसांत तो उरकून टाकेल. पण तुम्ही घराबाहेर पडायलाच तयार नव्हतात. मी रोज विचारायचो, झालं का? तो म्हणायचा, "ती उठतच नाही रे तिथून, रात्रीसुद्धा चालू ठेवते." तुम्ही कारखान्यात गेलात त्या दिवशी म्हणाला, "आता उघडून काय उपयोग?" मग तुम्ही विचारलंत तेव्हा मला काहीतरी लिहिणं भाग होतं. मेमरीचं लिहिलं. एकदा थाप मारली की पुढची मारणं सोपं जातं.

पंचवीस तारखेचं पत्र हिनं माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "वा, दोघं भाऊ मिळून एका बाईला खुळी ठरवताय." मी म्हटलं, तुला कळत नाही, तो मोडून जाईल. ती म्हणाली, "आणि ती काय लोखंडाची आहे?" तरी मी पत्र पाठवलं.

मालकीणबाईंना मी लिहू का? यंत्रात दोष होता, तुमचा नव्हता, असं? किंवा दादाशी बोलू? तुम्ही सांगाल ते करतो. रागावा, पण गप्प राहू नका.

तुमचा

२० एप्रिल

भाऊजी,

रागावून पाहिलं. तुमच्यावर राग येतो, दादांवर पुरता येत नाही. खोकी उघडतानाचा त्यांचा चेहरा दिसतो. मग आठवतं, त्यानंतर चौदा-पंधरा दिवसांनीच ते पाहुण्यांसमोर म्हणाले होते, हिचा हात बंद होता. तेव्हा त्यांना ठाऊक होतं. चहाचा कप हातात होता आणि ठाऊक होतं.

मला सगळ्यांत काय लागलं सांगू? ताईकडे जाऊन ये, असं ते म्हणायचे ना, ते मी मनात जपून ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी माझी काळजी वाटते असं वाटलं होतं. त्यांना घर रिकामं हवं होतं. आता चहाच्या त्या कपाचं काय करू कळत नाही. तो खरा होता की तोही त्यातलाच? बशीसुद्धा ठेवली होती.

मालकीणबाईंना काही लिहू नका. मीच गेले होते, पाचही चित्रं घेऊन. त्यांनी नीट पाहिली. म्हणाल्या, "आधी का नाही आणलीत? आता मी दुसऱ्यांना शब्द दिलाय." शब्दाला जागणारी माणसं आहेत जगात. तुम्हीही जागलात. मला दिला नव्हतात एवढंच.

दादांशीही बोलू नका. गरज नाही. त्यांना कळलंय.

मांजर येईनाशी झाली. दोन-तीन दिवस हे खिडकीकडे बघत होते. मग एकदा मी काम करत असताना मागे येऊन उभे राहिले आणि सहज ठेवावा तसा कॅबिनेटवर हात ठेवला. गार लागला असणार. पडद्यावर चित्र भराभर उमटत होतं. मी मागे वळले नाही. म्हटलं, आता बोलतील. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली चूक ही नुसती बातमी असते, भाऊजी. मला ती त्यांच्या तोंडून हवी होती.

ते म्हणाले, "बसला म्हणायचा तुझा हात."

मी म्हटलं, "बसला."

तुमच्या पत्राला मी उत्तर देत जाईन. लेकीचं कळवीन, तब्येतींचं कळवीन. विचारणार मात्र काही नाही. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. तो वेगळा सांगा.

तो पापुद्रा मी फेकलेला नाही. टेबलाच्या वरच्या खणात ठेवलाय, लाल अक्षरं वर करून. त्याच खणात हे रोज जेवल्यावर चष्मा ठेवायचे, लग्न झाल्यापासूनची सवय.

गेल्या सोमवारपासून ते चष्मा फ्रिजवर ठेवतात.

वहिनी